दोघांत एकच वायर

२ जून, गाब्रोवो

ही वही नव्हे. जुन्या वहीची चोवीस पानं कापून मधे दोरा घालून शिवली आहेत. वजन एकतीस ग्रॅम, पेन्सिलीचा तुकडा चार ग्रॅम. रुमेना म्हणाली, "पस्तीस ग्रॅम डायरीला चालतात आणि माझ्या जास्तीच्या मोज्यांना नाही म्हणतोस?" तिचं बरोबर होतं. मोजे अठ्ठेचाळीस ग्रॅमचे होते, पण तो मुद्दा नाही. मी मोजे परत तिच्या पिशवीत ठेवले आणि माझा कंगवा काढून टाकला.

दहा तारखेला पहाटे पाचला बेलोग्रादचिकहून निघायचं. डोंगराची धार इकडून तिकडे, तिकडून इकडे ओलांडत नऊशे किलोमीटरवर समुद्र. मुदत साडेसहा दिवस. बाहेरून कुणाची मदत घ्यायची नाही. लागेल ते सायकलवर बांधून न्यायचं, नाहीतर वाटेतल्या दुकानात मिळेल ते घ्यायचं. प्रत्येक सायकलला काडेपेटीएवढा ट्रॅकर असतो. त्याचा ठिपका नकाशावर साऱ्या जगाला दिसतो.

मी वैधमापन निरीक्षक, बाजारातले तराजू तपासणारा माणूस. सत्तेचाळीसाव्या वर्षी शर्यतीत का उतरतोय हे इथे तरी खरं लिहायला हवं. दोन वर्षांपूर्वी रुमेना हीच शर्यत एकटी करत होती. पाचव्या दिवशी दुपारी तिचा ठिपका येलेनाच्या पुढच्या एका खेड्यात थांबला. दोन तास झाले, तीन झाले. फोन बंद. मी गाडी काढली. ती चर्चच्या ओसरीत झोपली होती. बॅटरी वाचावी म्हणून तिनं फोन बंद केला होता. नवरा गाडी घेऊन आला म्हणजे बाहेरची मदत, म्हणजे बाद. समुद्र एकशे ऐंशी किलोमीटर राहिला होता. ती ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "मी झोपले होते, दोब्री. माणसं झोपतात."

जानेवारीत तिनं सांगितलं की पुन्हा नाव देणार. गुडघ्याच्या डॉक्टरनं यानंतर एवढं लांब जायला मनाई केली आहे, म्हणजे ही शेवटची संधी. मी म्हणालो, जोडीनं जाऊ. तिनं पूर्ण एक दिवस विचार केला. "ये. पण एक अट आहे. या वेळी मला वाचवायचं नाही."

मी शब्द दिला आहे.

५ जून

जोडीचा फायदा म्हणजे सामान वाटून घेता येतं. तंबूचं कापड माझ्याकडे, काठ्या तिच्याकडे. हत्यारं माझ्याकडे, पंप तिच्याकडे. वीज करणारा डायनॅमो माझ्या पुढच्या चाकात, पॉवर बँकही माझ्याकडे. भिंतीत लावायचा चार्जर तिच्याकडे. वायर एकच.

"वायर तरी दोन घेऊ," रुमेना म्हणाली.

"अठरा ग्रॅम."

"अठरा ग्रॅम म्हणजे दोन अक्रोड, दोब्री."

"ते नऊशे किलोमीटर डोंगरावर चढवायचे."

ती हसत सुटली. "म्हणूनच लोक आपल्या गावाला हसतात. गाब्रोवोचा माणूस मांजराचं शेपूट कापतो, का तर दार पटकन लावता यावं, ऊब बाहेर जाऊ नये."

"आपल्याकडे मांजर नाही."

"नशीब त्याचं."

संध्याकाळी पुन्हा हिशोब मांडला. डायनॅमो ताशी बारा किलोमीटरच्या खाली काही देत नाही. चढावर माझा वेग सात. म्हणजे जिथे वेळ सर्वात जास्त जातो तिथे वीज शून्य. थंडीत बॅटरी लवकर मरते, म्हणून फोन अंगाशी ठेवायचा. आकडे जुळतात, पण जेमतेम जुळतात. वायर दोन घ्याव्यात का, हे मी तिसऱ्यांदा ठरवलं: नाही. एकदा दोन म्हटलं की पुढे पंपही दोन, काठ्याही दोन.

मला भीती वाटते ती रुमेनाची. ती उतारावर ब्रेकच लावत नाही.

९ जून, बेलोग्रादचिक

सकाळी सासूबाईंनी आमच्या मागून उंबऱ्यावर तांब्याभर पाणी ओतलं. पाण्यासारखे वाहत जा, म्हणाल्या. माझ्या बुटात गेलं. बूट वाळेपर्यंत त्यांचं वजन सदतीस ग्रॅम जास्त होतं.

शर्यत भरवणारी येलित्सा जाडजूड, बसक्या आवाजाची बाई आहे. तिनं शाळेच्या अंगणात आम्हा साठ जणांना ट्रॅकर वाटले. "हे लाल झाकण, याच्या आत बटण. पाच सेकंद दाबून धरलं की माझा फोन वाजतो आणि डोंगरातली बचाव तुकडी निघते. ज्यानं दाबलं त्याची शर्यत संपली. जोडी असेल तर जोडी संपली. जीव जात असेल तर लाजू नका. पण ही टॅक्सी नाही, मुलांनो."

सगळे हसले. रुमेनानं बटणाकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं.

नंतर येलित्सानं माझी पिशवी एका बोटावर उचलून दाखवली. "बघा रे गाब्रोवोकर! टूथब्रशचा दांडा कापलाय. दात तरी सगळे आणलेस का, की निम्मे घरी ठेवलेस?"

मीही हसलो. खरं सांगायचं तर मला अभिमान वाटला.

११ जून

काल लिहिलं नाही, बोटं मिटत नव्हती. दोन दिवसांत दोनशे साठ किलोमीटर. मुदतीच्या थोडे मागे आहोत. माझ्यामुळे.

दुपारी चिप्रोवत्सीच्या वरच्या कुरणात मेंढपाळाची तीन कुत्री आली, वासराएवढी. मी उतरलो, सायकल मधे धरली आणि उभा राहिलो. रुमेना सरळ त्यांच्यावर ओरडत गेली. कुत्री बाजूला झाली. तिनं लांबून हाक मारली, "ये रे, ती फक्त नाव विचारतायत." माझ्याच्यानं चालवलं गेलं नाही. अर्धा किलोमीटर सायकल हातात धरून चालत गेलो. तिला म्हटलं, टायर बघत होतो. हे खोटं होतं, म्हणून इथे नोंदवतो.

पाऊस आला तेव्हा बसच्या थांब्यात शिरलो. भिंतीभर मेलेल्या माणसांच्या नोटिसा चिकटवलेल्या, जशा सगळीकडे असतात. वय, फोटो, "चाळीस दिवस झाले", "वर्ष झालं". मी वयं वाचत गेलो. एक सत्तेचाळीसचा निघाला. चेहरा माझ्यापेक्षा बरा होता. रुमेना म्हणाली, "ते काय वाचतोस? ही बानित्सा खा." पापुद्र्यांची बानित्सा गार होती, पण आत चीज भरपूर.

पॉवर बँक ६२ टक्के.

१२ जून

माझा फोन ३८. तिचा १९. पॉवर बँक ४४. दिवसभर चढ, डायनॅमोकडून काही नाही. उतारावर मी ब्रेक लावतो म्हणून तिथेही फार भरत नाही, असं रुमेना म्हणाली. मी सांभाळून उतरतो ते तिला माझी काळजी लागू नये म्हणून.

१३ जून, धारेवर, ११ वाजून ५० मिनिटं

धुकं आहे. दहा पावलांपलीकडे काही नाही. दगडावर बसून लिहितोय.

जे झालं ते क्रमानं लिहितो. सकाळी बेक्लेमेतो खिंडीच्या पायथ्याशी कॅफेत रुमेनानं तिचा फोन भिंतीवर चार्ज केला. निघताना वायर तिच्या खिशात गेली. ते माझ्या लक्षात आलं होतं. म्हटलं, पुढे मागून घेऊ. खिंडीपासून डांबरी रस्ता सोडून दगडी वाट धारेवरून सिनी विरच्या लॉजकडे जाते, अकरा किलोमीटर. तिथे तपासणी चौकी आहे. जोडीनं एकत्र शिक्का घ्यायचा, मधे पुढेमागे झालं तरी चालतं.

पावणेअकराला ती म्हणाली, "दोब्री, तुझ्या वेगानं मी गारठतेय. दात वाजतायत माझे. मी पुढे होते, तू ये मागून. वाट एकच आहे, चुकायला जागा नाही."

"जा. सूप सांग माझ्यासाठी."

"सांगते. आणि ऐक, थांबू नकोस हं. थांबलास की गारठशील."

ती धुक्यात गेली. तिचा लाल दिवा सहा सेकंद दिसला. मी मोजले.

माझा फोन ९ टक्के. पॉवर बँक ४१, पण वायर नाही. एवढी वीज मांडीवर घेऊन बसलोय आणि तिचा थेंबभरही उपयोग नाही. अकरा चाळीसला तिचा ठिपका पाहिला. तीन किलोमीटर पुढे, थांबलेला.

१२ वाजून ५

पुन्हा पाहिलं. तिथेच आहे. प्रत्येक वेळी पाहिलं की एक टक्का जातो. आता ७.

पुढे घंटा वाजतायत. मेंढ्या असणार. धुक्यात आवाज कुठून येतो ते कळत नाही.

पुढे जावं की इथेच थांबावं याचा विचार केला. ती परत येत असेल आणि मी पुढे निघालो तर चुकामूक होईल. वाट एकच आहे हे खरं, पण धुक्यात माणूस शेजारून गेला तरी कळायचं नाही. थांबणंच शहाणपणाचं.

१२ वाजून २०

ठिपका तिथेच. ५ टक्के. फोन लावला, लागत नाही. तिथे उजवीकडे कडा आहे का? कड्यांचा नकाशा वेगळा आहे, तो उघडला तर आणखी एक टक्का जाईल. सकाळी उतारावर ती केवढ्या जोरात गेली. तिला ब्रेक लावायची सवयच नाही.

मी शब्द दिला होता. शब्द मोठा की माणूस? असा प्रश्न विचारणंही चूक आहे.

अक्षर वाकडं येतंय. थंडीनं.

१२ वाजून ३१

४ टक्के. पन्नास मिनिटं झाली, म्हणजे मला माहीत आहे तेवढ्यापुरती, जास्तही असतील. झाकण उघडलं. पाच सेकंद मोजले. दाबलं.

१३ जून, सिनी विर, संध्याकाळ

रुमेना सुखरूप आहे. हे आधी लिहायला हवं.

दीड वाजता जीप आली, चालकाचं नाव स्पास. दाढीवाला, तोंडात सूर्यफुलाच्या बिया. माझ्यापाशी थांबून खाली उतरला आणि मला वरखाली चाचपायला लागला. "कुठे लागलंय?"

"मला नाही. माझी बायको पुढे आहे. तीन किलोमीटरवर."

"पण बटण तर इथून दाबलं."

"मी दाबलं. तिच्यासाठी."

तो बिया चावायचा थांबला. "अरे दादा, बटण दाबणाऱ्याची जागा कळते. आम्ही तुला वाचवायला आलोय."

हे मला माहीत होतं. माहीत नव्हतं असं नाही. त्या क्षणी सुचलं नाही.

स्पासनं वायरलेसवर काहीतरी सांगितलं. जीपमधल्या ब्लँकेटमध्ये मला गुंडाळलं. पुढच्या लॉजवरून कुणीतरी वाटेवर पाहायला निघालं. पाऊण तासानं धुक्यातून पांढरा दिवा आला. रुमेना. उलट दिशेनं, चढ चढत, माझ्याकडे.

वाटेत दगडी निवारा आहे, वर पत्रा. ती तिथे थांबली होती. पत्र्याखाली ट्रॅकरला आकाश दिसत नाही, म्हणून ठिपका गोठला. माझी वाट पाहत बसली होती. दोन तास झाले तरी मी दिसलो नाही तेव्हा चिंता वाटून ती मागे निघणारच होती, तेवढ्यात लॉजवाला भेटला.

सायकलवरून न उतरता तिनं जीप पाहिली, ब्लँकेट पाहिलं, माझ्या सायकलवरचं उघडं लाल झाकण पाहिलं.

"तुला काय झालं?"

"तुझा ठिपका थांबला होता."

ती सायकलवरून उतरली. मग म्हणाली, "तीन किलोमीटर होते, दोब्री. तू आला का नाहीस?"

"फोन चार टक्क्यांवर आला होता."

स्पासला वाटलं काहीतरी बोलायला हवं. "चांगलं केलं दादा पुढे आला नाही ते, वहिनी. पुढे ग्योर्गीचा मेंढ्यांचा कळप आहे ना, नवख्या माणसाला कुत्र्यांची भीती वाटते. तशी म्हातारी झालीत बिचारी. भुंकायचाही कंटाळा करतात."

रुमेनानं माझ्याकडे पाहिलं. मी ब्लँकेटची घडी नीट करत होतो.

लॉजपर्यंत मी जीपमधून आलो. ती सायकलवरून आली. तिनं जीपच्या दाराला हातही लावला नाही.

१४ जून, त्रोयानहून घरी, बसमध्ये

कालच्या नोंदीत चूक आहे. जीप दीडला नाही, एक वाजून चाळीस मिनिटांनी आली. स्पासच्या वहीत पाहिलं.

काल संध्याकाळी येलित्साचा फोन लॉजवर आला. माझी शर्यत संपली, जोडी संपली. पण बटण रुमेनानं दाबलेलं नाही. तिच्याकडे एकट्याला लागणारं सगळं सामान असेल तर पहाटे पाचला ती एकटी म्हणून निघू शकते. मधल्या तासांची सूट मिळणार नाही. चारशे सत्तर किलोमीटर, अडीच दिवस. येलित्सा तिला म्हणाली, "जमेल तुला. आणि त्या गाब्रोवोकराला सांग, ओरडणार नाही मी. लोक माझ्यावर ओरडतात की बटण कुणी दाबतच नाही."

मग लॉजच्या ओट्यावर आम्ही सामान मांडलं. तंबूचं कापड मी दिलं. हत्यारं दिली. पॉवर बँक दिली, ४१ टक्के. रुमेना म्हणाली, "डायनॅमो?" मी माझं पुढचं चाक काढलं आणि तिचं माझ्या सायकलला लावलं. चाकं बदलताना आमची बोटं दोनदा एकमेकांना लागली, दोन्ही वेळा तिची गार होती. बोललो ते फक्त असं: हे धर. सोड. फिरव.

मी सवयीनं तिची सायकल उचलून पाहिली. "दोन किलोनं जड झाली."

"होऊ दे. सगळं आहे तिच्यात."

पहाटे ती निघाली. मी पायरीवर उभा होतो. ती म्हणाली, "घरी पोचलास की कुलर सुरू कर, फ्रीज बघ, आईला फोन कर." घरच्या गोष्टी. कुलर आमच्याकडे नाही. ती इतकी थकली होती.

आता बसमध्ये प्रश्न हाच: मी चूक केली का? माहीत असलेल्या गोष्टींवरून निर्णय बरोबर होता. ठिपका थांबला होता, धुकं होतं, फोन मरत होता. हे सगळं मी त्याच क्षणी लिहून ठेवलं आहे, म्हणजे नंतर बनवलेलं नाही. ती पानं पुन्हा वाचली. त्यात घंटांबद्दल एक ओळ आहे. ती का लिहिली ते मला कळत नाही.

दुसरं, मी पन्नास मिनिटं लिहिली आहेत. तीन किलोमीटर चालत गेलो असतो तरी पन्नास मिनिटं लागली नसती.

१५ जून, गाब्रोवो

तिचा ठिपका आज उझानाच्या माथ्यावरून गेला, आमच्या घरापासून वीस किलोमीटर वर. मी गच्चीत उभा राहून डोंगराकडे पाहिलं. ढग होते. गाडीची किल्ली सासूबाईंकडे दिली. त्यांनी कारण विचारलं नाही. दोन तासांनी त्याच आल्या, "दोब्री, मला बाजारात सोड रे," म्हणाल्या आणि किल्ली परत दिली.

दुपारी ठिपका पंचेचाळीस मिनिटं थांबला. माझा फोन भिंतीत लावलेला, १०० टक्के. पाहिलं की टक्का कमी होत नाही. एकशे बारा वेळा पाहिलं. डोंगरावर सहा वेळा पाहिलं होतं, आणि वाटत होतं की बॅटरी पुरली असती तर घाबरलो नसतो.

१६ जून

दुपारी दोन वाजून आठ मिनिटांनी ठिपका समुद्राला लागला. एकशे छप्पन्न तासांपैकी तीन राहिले होते.

फोन चारला आला.

"पोचले."

"पाहिलं मी. बरी आहेस ना?"

"पाय सुजलेत. डाव्या हाताची दोन बोटं बधिर आहेत. जरा वेळानं आंघोळ करणार आहे, समुद्रात."

"घ्यायला येऊ?"

 मागे लोक ओरडत होते, कुणीतरी बाटली उघडली.

"नको," ती म्हणाली. "दोन दिवस इथे राहते. गुरुवारच्या आगगाडीनं त्सारेवा लिवादाला उतरेन आणि तिथून सायकलनं येईन. स्टेशनवर येऊ नकोस, दोब्री."

"बरं."

"खरंच येऊ नकोस."

"नाही येत." मग मी म्हणालो, "रुमेना, त्या दिवशी पुढे घंटा वाजत होत्या."

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "मी पत्र्याखाली बसून त्याच ऐकत होते. म्हटलं, आता येईल, आता येईल." आणि म्हणाली, "येलित्सा ट्रॅकर मागतेय, ठेवते."

चारनंतर नकाशावर तिचं नाव आहे, ठिपका नाही.

१८ जून, गुरुवार

गाडी तीन चाळीसला लिवादाला येते. वीस किलोमीटर, थकलेल्या पायांनी दीड तास धरला. म्हणजे सव्वापाच.

साडेपाचला खाली जाऊन फाटक उघडं आहे का पाहून आलो. उघडं होतं.

पावणेसहा. दीड तास हा माझा अंदाज. पाय सुजलेत असं तिनंच सांगितलं होतं, म्हणजे दोन तास. शिवाय गाडी उशिरा असेल. गाडी वेळेवर होती, स्टेशनला फोन करून विचारलं. हे करायला नको होतं. पण स्टेशनवर जाणं आणि फोन करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नसतीलही.

सहा. त्या रस्त्यावर ट्रक असतात. तिच्या हाताची दोन बोटं बधिर आहेत, ती ब्रेकचीच असतील. किंवा ती त्या गाडीत बसलीच नसेल. हे मी आत्ता पहिल्यांदा लिहिलं. दोन दिवस मनात होतं. ट्रकचं लिहिणं त्यापेक्षा सोपं होतं.

फोन भरलेला आहे. तिचाही भरलेला असणार. वाजवला तर ती उचलेल आणि मला कळेल. पण मग दोन वर्षांपूर्वी मी घ्यायला गेलो होतो त्यात आणि यात फरक काय राहील? मी बूट घातले होते. किल्ली हातात होती.

सहा दहा. बूट काढले. माझ्या खोलीच्या खिडकीतून रस्त्याचं शेवटचं वळण दिसतं, म्हणून तिथून उठलो. आता स्वयंपाकघरात बसून लिहितोय. इथून भिंत दिसते, आणि काही नाही.